कातडीवरचा पंचनामा

२०२५ ची दिवाळी होऊन जेमतेम दहा-बारा दिवस झाले होते, आणि पंजाबातून बातमी आली की सिकंदर शेखला अटक झाली. मोहोळचा सिकंदर. २०२३ साली फुलगावच्या मैदानात शिवराज राक्षेला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा नेलेला. बेकायदा शस्त्रांच्या व्यवहारात त्याचा हात आहे असं तिकडच्या पोलिसांचं म्हणणं. थोड्याच दिवसांत त्याला जामीन मिळाला. आता, अटक म्हणजे गुन्हा नव्हे आणि जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, एवढं तर आपल्याकडे कोर्टाची पायरी न चढलेल्यालाही कळतं. खटल्याचं जे व्हायचं ते कोर्टात होईल, त्यात मला पडायचं नाही.

मला पडायचंय ते आपल्या बोलण्यात. भिगवणपासून बारामतीपर्यंत त्या आठवड्यात जिथे चहा प्यायलो तिथे हाच विषय. आणि दोनच पार्ट्या. एक म्हणायची, "पोराला अडकवलाय." दुसरी म्हणायची, "मला वाटलंच होतं." आता पहिल्या पार्टीकडे पुरावा नव्हता हे मान्य, पण दुसरीकडे तरी काय होतं? तर सिकंदरची चाल, त्याची छाती, त्याचं बघणं. आणि कान! "कान बघितलेत का त्याचे? असल्या माणसाला कुणाचं भ्या असतंय व्हय?" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. (माझे कान शाबूत आहेत, तीन-तीन तास मीटिंगमध्ये बसूनही.)

पैलवानाचा फुटका कान म्हणजे काय हे इंदापूर-बारामतीकडच्या माणसाला सांगायला नको. पण हिंजवडीतल्या माझ्या निम्म्या टीमला माहीत नाही, म्हणून सांगतो. लढताना, मान-डोकं घासताना कानाच्या पाळीला मार बसतो, आत रक्त साकळतं, ते वेळीच काढलं नाही की तिथे घट्ट गाठ धरते आणि कान कोबीच्या गड्ड्यासारखा होतो. एवढंच. तालमीतल्या मेहनतीची खूण. तालमीत ती अभिमानानं मिरवतात, काही पोरं तर मुद्दाम चोळून चोळून कान फोडून घेतात म्हणे. पण हाच कान घेऊन पोरगं पुण्यात भाड्यानं खोली बघायला गेलं की मालकाच्या कपाळावर आठ्या. तोच कान, गावात गदा आणि शहरात गुंड.

हा सगळा वाद मी आधी एकदा ऐकलेला आहे. तेव्हा पैलवान रशियन होता, आणि कानांच्या जागी टॅटू होते.

२००३-०४ च्या सुमाराला आमच्या हॉस्टेलवर 'प्राइड' या जपानी स्पर्धेच्या सीड्या फिरायच्या. ठोसे, लाथा, पटकणं, हातपाय पिरगाळणं, सगळं चालणारी कुस्ती. लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांवर अंडरटेकरची उंची आणि वजन पाठ केलेल्या आमच्या पिढीला ही खरी मारामारी म्हणजे मेजवानीच. त्यात दोन भाऊ होते, फेडोर आणि अलेक्झांडर एमेलियानेन्को. मोठा फेडोर २००३ पासून तिथला हेवीवेट चँपियन. दिसायला बँकेतला कॅशियर वाटावा असा, शांत, थोडं पोट सुटलेला, अंगावर एक रेघ नाही. धाकटा अलेक्झांडर धिप्पाड, आणि अंगभर निळी-काळी चित्रं. खांद्यांवर तारे, कोपरावर कोळ्याचं जाळं, पाठभर कोयतेवाला यमदूत आणि त्यासोबत 'देव आमच्या बाजूला आहे' अशा अर्थाचं जर्मन वाक्य. हे वाक्य एकेकाळी जर्मन सैनिकांच्या पट्ट्याच्या बक्कलवर असायचं, हिटलरच्या काळातसुद्धा. रशियन माणसाच्या पाठीवर ते कसं आलं हे त्याचं त्यालाच ठाऊक.

झालं. वाद सुरू. एक पार्टी म्हणायची की हा नक्की तुरुंगात जाऊन आलाय, तारे असेच मिळत नाहीत. दुसरी म्हणायची की हौस आहे हो, लहान वयात गोंदवून घेतले असतील. दोन्हीकडे छातीठोक बोलणारे. काहींना तर त्यानं किती वर्षं काढली आणि कशासाठी, हेही माहीत होतं! कुठून? तर टॅटूंवरून.

ही टॅटू वाचायची विद्या अगदीच हवेतली नाही, हेही सांगायला हवं. सोव्हिएत तुरुंगांत खरोखरच अशी भाषा होती. खांद्यावरचे तारे म्हणजे गुन्हेगारांतला मोठा दर्जा. गुडघ्यावरचे तारे म्हणजे मी कुणापुढे गुडघे टेकणार नाही. अंगावरच्या चर्चला जितके घुमट तितक्या वेळा शिक्षा. लेनिनग्राडच्या क्रेस्ती तुरुंगात पहारेकरी असलेल्या दान्झिग बाल्दायेव या माणसानं आयुष्यभर अशी चित्रं उतरवून घेतली, तीन हजारांवर. २००३ पासून त्याचे इंग्रजी खंड निघाले. मग २००७ मध्ये 'ईस्टर्न प्रॉमिसेस' सिनेमा आला आणि जगभरच्या लोकांना आपण रशियन कातडी वाचू शकतो असं वाटायला लागलं.

पण त्याच भाषेचा एक नियम हे लोक सोयीस्कर विसरतात. न कमावलेला तारा अंगावर दिसला तर तुरुंगातले बाकीचे कैदी तो खरवडून काढायला लावत, जबरदस्तीनं. म्हणजे खोटे टॅटू काढून घेणारे होते, आणि इतके होते की त्यासाठी शिक्षा ठरवावी लागली! आणि हा पहारा तुरुंगाच्या आत. बाहेरच्या मोकळ्या बाजारात, सोव्हिएत राज्य कोसळल्यावर, कुणी काय गोंदवून घेतलं हे तपासायला कोण बसलंय? आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर टॅटू म्हणजे कोडमधली कॉमेंट. लिहिणाऱ्याला जे वाटलं, जे मिरवायचं होतं, ते त्यानं लिहिलं. प्रोग्रॅमनं प्रत्यक्षात काय केलं ते बघायचं असेल तर लॉग उघडावा लागतो. कॉमेंट वाचून बग शोधणाऱ्या माणसाला मी तरी प्रॉडक्शन सर्व्हरचा पासवर्ड देणार नाही.

बरं, या वादाची खरी मजा वेगळीच होती. ज्यांना तो तुरुंगात जाऊन आलाय असं वाटायचं, ते त्याच्यावर नाराज नव्हते. उलट खूश होते! ऑगस्ट २००४ मध्ये त्याची लढत मिर्को क्रो कॉपशी झाली. क्रो कॉप म्हणजे क्रोएशियाच्या पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकात काम केलेला माणूस, आणि त्याआधीच्याच वर्षी तिथल्या संसदेवर निवडून आलेला खासदार. पोलीस विरुद्ध कैदी! यापेक्षा चांगली जाहिरात कुठली? पहिल्याच फेरीत डोक्यावर लाथ बसली आणि कैदीसाहेब आडवे. पण हरला तरी त्याचं वलय कमी झालं नाही. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात त्याला लढायचं लायसन्स मिळालं नाही, ठरलेली लढत आयत्या वेळी रद्द झाली, त्यावरही वावड्या उठल्या आणि वलयात भरच पडली. गुन्हेगारी भूतकाळ हा त्याच्या अंगावरचा दागिना होता. खरा की बेन्टेक्सचा, एवढाच काय तो वाद.

आणि मग लॉग आला. मे २०१५ मध्ये मॉस्कोच्या कोर्टानं अलेक्झांडरला साडेचार वर्षांची शिक्षा सुनावली. घरकाम करणाऱ्या बाईवर लैंगिक अत्याचार केल्याबद्दल. २०१६ च्या शेवटी तो पॅरोलवर सुटला, पुढे परत लढायलाही लागला.

इतकी वर्षं मंडळी त्याच्या खांद्यावरचे तारे मोजत होती. टोळी, दरोडा, तुरुंगातली सरदारकी, काय काय वाचत होती. त्यातल्या एकाही ताऱ्यात, कोळ्याच्या एकाही धाग्यात हा गुन्हा लिहिलेला नव्हता. घरात राबणाऱ्या बाईवर हात टाकणाऱ्याची खूण कातडीवर नसते. असती तर आपल्याकडच्या कितीतरी पांढऱ्याशुभ्र, इस्त्रीच्या, टॅटू नसलेल्या बाह्या खाली ओढून घ्याव्या लागल्या असत्या. मला वाटतं हाच अंगावरून माणूस वाचण्याचा सगळ्यात मोठा तोटा आहे. नको तो माणूस पकडला जातो हे तर आहेच, पण जो पकडायचा त्याच्याकडे बघायचंच राहून जातं.

आता परत आपल्या दोन तालुक्यांत येऊ. आपल्याकडे पैलवानाचा 'गुन्हेगारी इतिहास' बऱ्याचदा कसा तयार होतो? बांधावरून. दोन भावकीत बांध कोरल्यावरून भांडण होतं, पाण्याच्या पाळीवरून होतं, जत्रेत कुस्तीच्या निकालावरून होतं. फिर्याद द्यायला जाणारा माणूस समोरच्या घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं घालतो, आणि सगळ्यात वर नाव कुणाचं? घरात जो पैलवान असेल त्याचं. तो त्या दिवशी कोल्हापूरच्या तालमीत असला तरी. पूर्वी हे ३२३, ५०४, ५०६ मध्ये बसायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत बसतं. कलमं बदलली, बांध तिथेच. दोन-चार वर्षांनी गावकी मध्ये पडते, तडजोड होते, चहा होतो. पण पोरगं पोलीस किंवा सैन्य भरतीचा फॉर्म भरायला बसलं की तिथे प्रश्न असतोच, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का? लपवलं तर लपवलं म्हणून गोत्यात, सांगितलं तर सांगितलं म्हणून धाकधूक. २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशी माहिती खरी द्यायलाच हवी, पण नोकरी देणाऱ्यानंही गुन्हा किती किरकोळ आहे हे बघावं, डोळे झाकून काढून टाकू नये. निकाल चांगला आहे. तो बांधापर्यंत पोचलाय का, हे ज्यानं त्यानं आपल्या गावात विचारावं.

त्यात आता टॅटूचं खूळ. बारामतीत, इंदापुरात जिमच्या शेजारी टॅटूचं दुकान हे चहाच्या शेजारी वडापाव असावा इतकं नेमाचं झालंय. पोरं खांद्यावर सिंह काढतात, मानेवर वाघ, आणि परवा एकाच्या गुडघ्यावर मी चक्क ते रशियन तारे पाहिले. अर्थ विचारला तर म्हणाला, "डिझाइन आहे काका." (काका!) सैन्य भरतीचा नियम असा आहे की कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो, इतर ठिकाणी नाही. आदिवासी समाजांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट आहे. म्हणजे आमच्या आजीच्या हातावरचं तुळशीवृंदावन आणि आजोबांच्या दंडावरचा मारुती, यातला मारुती भरतीत नापास झाला असता. आजीला मात्र सैन्यात जायचं नव्हतं.

गोंदण आपल्याला नवं नाही, आणि गोंदणाचा गुन्ह्याशी संबंध जोडणंही नवं नाही. फक्त तो संबंध उलट्या बाजूनं जोडलेला होता. रशियात कैदी स्वतः गोंदवून घेत. आपल्याकडे सरकार गोंदत असे. १७९७ च्या कायद्यानं कंपनी सरकारनं बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदायला सुरुवात केली. सुई तीच, रंग तोच, 'गोदना' हा शब्दही आपलाच. कैदी पागोटं कपाळावर ओढून ते झाकत. १८४९ मध्ये ही शिक्षा बंद झाली.

कायद्यातून बंद झाली. १९९३ मध्ये पंजाबात पोलिसांनी सांसी समाजातल्या चार बायकांच्या कपाळावर 'जेबकतरी' असं गोंदलं होतं. जेबकतरी म्हणजे पाकीटमार. बायका पदर कपाळावर ओढून कोर्टात गेल्या, तेव्हा देशाला कळलं. पोलिसांना दोषी ठरवणारा सीबीआय कोर्टाचा निकाल आला २०१६ मध्ये, तेवीस वर्षांनी.

त्या बायका सांसी होत्या हा योगायोग नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा म्हणजे न दिसणारं गोंदणच होतं. अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार. १९११ मध्ये तो वाढवून सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर नेला, त्यात बोटांचे ठसे आले. ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर पास, आणि काहींना थेट तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये. आपल्या शेजारच्या सोलापुरात सेटलमेंट हे नाव अजून लोकांच्या तोंडात आहे. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये गेला, देशात ३१ ऑगस्ट १९५२ ला. लक्ष्मण गायकवाडांच्या आत्मकथनाचं नाव 'उचल्या' आहे, ते उगाच नाही. आधी शिक्का, मग माणूस.

इंदापूर आणि बारामती तालुक्यांत पारध्यांची पालं आहेत. उसाच्या कडेला, गायरानावर, हायवेलगत. एखाद्या वस्तीवर रात्री चोरी झाली की पहिली जीप कुठल्या दिशेला वळते हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. तिथे कान बघावे लागत नाहीत, टॅटू बघावे लागत नाहीत. आडनाव पुरतं. जून १९९८ मध्ये बारामतीत एका पारधी माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पश्चिम बंगालमध्ये पुरुलियाला एका शबर माणसाचा असाच मृत्यू झाला होता. महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांनी ही दोन्ही प्रकरणं देशापुढे नेली. दिलीप डिसोझा यांनी २००१ मध्ये विमुक्त जमातींवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, त्यात बारामतीचं हे प्रकरण आहे. बारामती म्हटलं की बाहेरच्या माणसाला राजकारण, साखर आणि द्राक्षं आठवतात. हे आठवत नाही. आपल्यालाही नाही. मी इथलाच, पण मला हे पुण्यात नोकरीला लागल्यावर त्या पुस्तकातून कळलं. तालुक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून मला त्या रशियनाची आठवण झाली. त्याच्याबद्दल जे सिद्ध झालं नव्हतं त्यानं त्याची पोस्टरं खपली. आपल्याकडेही मुळशीकडच्या भाईंवर सिनेमे निघतात, जामिनावर सुटून आलेल्याच्या गाडीवर जेसीबीनं फुलं उधळतात, वाढदिवसाचे बॅनर लागतात, आणि बॅनरवर जो तो 'किंग'. त्यांच्यावर गुन्हे दाखल आहेत हे कुणी लपवत नाही, ते कौतुकानं मोजतात. किती केसेस? तेवढे घुमट. आणि त्याच रस्त्यानं पुढे दोन किलोमीटरवर पालात राहणारा माणूस, ज्याच्यावर कदाचित एकही केस नाही, त्याच्या पोरीला शाळेत कुणाची पेन्सिल हरवली की पहिल्यांदा उभं करतात.

सिकंदरच्या बाबतीत "मला वाटलंच होतं" म्हणणाऱ्यांचा मला राग आला तो यासाठी. त्याच्याबद्दल ते चूक ठरतील की बरोबर, हा मुद्दाच नाही. ते वाचत होते ते चुकीच्या जागी. उद्या तो निर्दोष सुटला तर हेच लोक त्याच कानांकडे बघून "वाघ आहे वाघ" म्हणतील. आणि "पोराला अडकवलाय" म्हणणाऱ्यांनाही विचारायचंय, की मोहोळच्या मार्केट यार्डात हमाली करणाऱ्याच्या पोराबद्दल तुम्हाला जो संशयाचा फायदा सुचला, तो पालावरच्या पोराबद्दल का सुचत नाही? गदा नाही म्हणून?

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगांमधल्या जातिभेदाचा निकाल दिला. काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमध्ये तोपर्यंत विमुक्त जमातींबद्दल 'भटकी', 'सवयीची गुन्हेगार' अशा अर्थाची भाषा छापलेली होती. ती काढून टाका असं कोर्टानं सांगितलं. २०२४ मध्ये! कायदा जाऊन बहात्तर वर्षं झाली होती, आणि शाई अजून नियमावलीत होती.

आमच्या भागातली काही पारधी पोरं आता भरतीच्या मैदानावर दिसतात. पहाटे हायवेच्या कडेनं पळताना दिसतात, गोळाफेकीच्या सरावाला दिसतात. एकाच्याही अंगावर टॅटू मी पाहिला नाही, ते त्या बाबतीत फार सावध आहेत. धावणं होतं, लेखी होतं, मेडिकल होतं. मग चारित्र्य पडताळणीचा कागद स्थानिक पोलीस ठाण्यात जातो. हे पोलीस ठाणं बऱ्याचदा तेच असतं, ज्याच्या हद्दीत त्यांच्या पणजोबांची हजेरी लागत असे.